दम लागतो म्हणून बसून राहू नका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या बोलण्याचा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



बचत, हप्ते, वह्या यावर आपण दर महिन्याला बोलतो. पण आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे, आणि त्यावर बोलायला वेळ उरत नाही. म्हणून आजचा सगळा वेळ मी त्यालाच मागून घेतला आहे. विषय आहे दम्याचा, जुन्या खोकल्याचा, आणि त्यात पायातली ताकद का जाते याचा. छातीच्या आजारात पायांचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. तेच आज समजून घ्यायचं आहे.

आधी तुमच्या घराकडे बघा. आपल्या बहुतेक गावांत मुंबईहून परत आलेला एक तरी गिरणी कामगार आहे. कुणाचे सासरे, कुणाचे चुलत सासरे, कुणाचे वडील. सत्तरी ओलांडलेले, ओटीवर नाहीतर खाटेवर बसलेले. चार पावलं चालले की धाप लागते. घरातले म्हणतात, "त्यांना छातीचं दुखणं आहे, त्यांना उठवू नका." हे दुखणं कुठून आलं ते ठाऊक असलं म्हणजे त्याचं काय करायचं तेही कळतं.

मुंबईत ताडदेवला 1856 साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा, शिवडी, दादरपर्यंत गिरण्यांची रांग लागली आणि त्या भागाला गिरणगाव नाव पडलं. तिथे राबायला माणसं गेली ती आपल्याच गावांतून: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, सांगली, पुणे. बायकामुलं गावी आणि माणूस चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर.

गिरणीत कापूस फोडायच्या आणि पिंजायच्या खात्यांत सगळ्यात जास्त धूळ असायची. पुढे सूतखात्यातही ती असायचीच. पाळी संपली की केस, भुवया, मिशा पांढऱ्या झालेल्या. तीच धूळ छातीत जायची. या आजाराची खूण अशी की रविवारची सुट्टी झाली की सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी व्हायची. सुरुवातीला मंगळवार-बुधवारपर्यंत बरं वाटायचं. पुढे आठवडाभर, आणि मग बारा महिने तसंच राहायचं. डॉक्टर याला बायसिनोसिस म्हणतात. परळच्या केईएम रुग्णालयातले छातीचे डॉक्टर एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांची पाच वर्षं पाहणी करून 1981 साली यावर लेख प्रसिद्ध केला होता. कामगार विम्याच्या कायद्यातही कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत कापसाच्या धुळीचा हा आजार आहे. म्हणजे आजोबा उगाच कुंथत नाहीत. हा त्यांच्या कामाने दिलेला आजार आहे.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. कितीतरी जण वळकटी बांधून गावी आले, आणि येताना ती छातीही बरोबर घेऊन आले.

आता बायकांचं बघू. गिरणगावात या एकट्या पुरुषांना जेवू घातलं ते खानावळवाल्या बायकांनी. लहानशी खोली, कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टो, खिडकी असली तर असली, आणि रोज दोन्ही वेळचं वीस-वीस माणसांचं जेवण. या बायकांना 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी एकत्र आणलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपण आज जे गट चालवतो, त्याच वाटेवर त्या आपल्या आधी चालल्या. प्रेमाताईंना 2002 साली पद्मश्री मिळाली. पण त्या शेगडीचा धूर कुणाच्या छातीत गेला? स्वयंपाक करणारीच्या. आणि तसाच धूर आपल्या चुलीतून आपल्या छातीत जातो. विडी-सिगारेट कधी हातात न धरलेल्या बाईलाही छातीचा जुनाट आजार होतो, त्याचं चुलीचा धूर हे मोठं कारण आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. आपल्या देशात मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराच्या पाठोपाठ या आजाराचा नंबर लागतो.

तेव्हा आजचं बोलणं फक्त आजोबांसाठी नाही. खोकत खोकत चूल फुंकणाऱ्या आजींसाठी आहे. टीबी बरा झाला पण दम राहिला, त्या वहिनींसाठीही आहे.

छातीचा आजार पायात कसा उतरतो

या आजारात श्वासाच्या नळ्या अरुंद होतात. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. माणूस भरभर चालला की भरभर श्वास घेतो, आणि जुनी हवा बाहेर पडायच्या आधीच नवी आत येते. छाती फुगून राहते. गच्च भरलेल्या पोत्यात आणखी धान्य कोंबावं तसं होतं. माणूस घाबरतो आणि बसतो.

इथपर्यंत आपल्याला माहीत असतं. पुढचं लक्ष देऊन ऐका.

लालबागच्या, गिरगावच्या जुन्या चाळी ज्यांनी बघितल्या त्यांना तिथले लाकडी जिने आठवतील. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला दम लागायला लागतो. आधी तो रोज खाली उतरायचा, आता एक दिवसाआड. मग दूध शेजारचा मुलगा आणून देतो. मग गॅलरीच्या टोकाचा संडास तेवढा चालून होतो. सहा महिन्यांनी तेवढ्यानेही धाप लागते. घरचे म्हणतात आजार वाढला. छाती कदाचित होती तशीच असेल. वाळल्या त्या मांड्या. आपल्याकडे जिना नसतो, पण ओटी असते, खाट असते. गोष्ट तीच.

पाय न वापरल्याने बाकी काय होतं? आपल्या मांडीत दोन जातीचे धागे असतात. एक दूरवर चालायला टिकणारे, दुसरे लवकर थकणारे. बसून राहिलं की टिकणारे कमी होतात. मग चार पावलांतच मांडीत आम्ल साचतं, पाय भरून येतात, आणि ते निस्तरायला शरीर जास्त श्वास मागतं. म्हणजे पाय कमकुवत झाले की त्याचा बोजा पुन्हा छातीवर येतो. दम लागतो म्हणून बसायचं, बसलं म्हणून पाय वाळायचे, पाय वाळले म्हणून अजून दम लागायचा. हा फेरा आहे. सीओपीडीच्या रुग्णांत साधारण तिघांतल्या एकाच्या मांड्या कमजोर झालेल्या आढळतात. चालण्याच्या तपासणीत कितीतरी जण थांबतात ते छातीपेक्षा पाय थकल्यामुळे.

मांड्या वाळायला आणखीही कारणं असतात. आजाराची सूज अंगभर असते, ती स्नायू खाते. रक्तात प्राणवायू कमी पडतो. जेवण जात नाही, कारण भरल्या पोटाने श्वास अडतो. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर स्नायू आणि हाडं दोन्ही झिजतात. म्हणून "दम्याची पुडी" कुणीही दिली तरी घेऊ नका. तशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आराम वाटतो तो त्याचा. डॉक्टरांनी दिलेल्या तोंडाने ओढायच्या पंपाची गोष्ट वेगळी. त्यात औषध अगदी थोडं असतं आणि ते थेट छातीत जातं. पंपाची "सवय लागते" ही समजूत खोटी आहे. पंप मध्येच सोडला तर दम वाढतो.

मग करायचं काय

चांगली बातमी अशी की झिजलेल्या नळ्या परत नव्या होत नाहीत, पण वाळलेली मांडी परत भरते. छातीच्या रुग्णांना ठरवून व्यायाम देतात त्याला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. साधारण सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा देखरेखीखाली आणि बाकी दिवस घरी. त्यानंतर तपासणीत फुप्फुस तेवढंच असतं, पण माणूस जास्त चालतो, दम कमी लागतो, भीती जाते. जगभरात यावर भरपूर अभ्यास झाला आहे आणि निकाल एकच आहे. मात्र सोडून दिलं की काही महिन्यांत मिळालेली ताकद परत जाते.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं. जिल्हा रुग्णालयात नळीत जोरात फुंकायची तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ती करून घ्या. नुसत्या खोकल्याच्या बाटल्यांवर वर्षानुवर्षं काढू नका. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर आधी बेडक्याची टीबीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. तुमचं माणूस मुंबईला असेल, लालबागला किंवा गिरगावात, तर त्याला सांगा की परळच्या केईएममध्ये छातीचा विभाग आहे आणि फिजिओथेरपीही आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, "मला कोणता व्यायाम चालेल?" विचारल्याशिवाय बरेचदा गोळ्याच मिळतात.

डॉक्टर हो म्हणाले की घरी हे करता येतं.

पहिलं, श्वास. नाकाने श्वास घ्या आणि ओठ चंबूसारखे करून हळूहळू सोडा. गरम चहावर फुंकर घालतो तसं, पण सावकाश. आत घ्यायला दोन आकडे मोजले तर सोडायला चार. आपल्याला फुंकणीची सवय आहेच, फक्त जोर लावायचा नाही. याने साचलेली हवा बाहेर पडते. कुठलंही जोराचं काम श्वास सोडताना करा. कळशी उचलताना, उठताना, पायरी चढताना श्वास सोडायचा. कोंडून धरायचा नाही.

दुसरं, उठबस. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. हात छातीशी घेऊन उठायचं आणि बसायचं. जमत नसेल तर हाताचा आधार घ्या. आधी पाच वेळा, मग थांबा, मग पुन्हा पाच. एका मिनिटात किती वेळा जमतं ते वहीत लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. हिशोब लिहायला आपण शिकलोच आहोत, तसाच हा पायांचा हिशोब.

तिसरं, चालणं. दोन मिनिटं चाला, एक मिनिट थांबा, पुन्हा दोन मिनिटं. हळूहळू वीस मिनिटांपर्यंत न्या. किती जोरात? दम लागला पाहिजे, पण एक वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताच येत नसेल तर वेग कमी करा. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. चालण्याआधी पंप घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

चौथं, हात. छातीचा रुग्ण चालला की दमतो, पण केस विंचरताना, दोरीवर कपडे टाकताना त्याहून जास्त दमतो, हे तुम्ही बघितलं असेल. कारण खांद्याचे काही स्नायू श्वासालाही मदत करतात. हात वर गेले की ती मदत तुटते. म्हणून हातांनाही सराव हवा. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, म्हणजे प्रत्येक हातात अर्धा किलो. खांद्यापर्यंत उचला, श्वास सोडत. आठ-दहा वेळा.

पाचवं, धाप लागली तर घाबरायचं नाही. ओट्यावर किंवा गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाका आणि फुंकर घालत श्वास सोडा. दोन-चार मिनिटांत दम उतरतो. व्यायामात दम लागणं म्हणजे इजा होणं नव्हे, हे रुग्णाला कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं.

थांबायचं कधी तेही पाठ करा. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ किंवा नखं निळसर झाली, बसल्यावरही दम उतरला नाही, तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा. ताप आहे, बेडका वाढला आहे किंवा हिरवा-पिवळा झाला आहे, रक्त पडतं आहे, पायांवर सूज आहे, अशा दिवसांत व्यायाम नाही, आधी डॉक्टर. दवाखान्यात आठवडाभर पडून आलेल्या माणसाची ताकद फार लवकर जाते. अशांनी घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून लवकरात लवकर उठबस सुरू करावी.

ताटाकडेही बघा

व्यायाम केला आणि ताटात फक्त भात-कढी असली तर स्नायू कशाने भरणार? डाळ, मटकी, चवळी, चणे, शेंगदाणे, अंडं, दूध-ताक, सुकट, मासळी, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. एकदम पोटभर नको. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. आणि हे फक्त आजोबांच्या ताटाला लागू नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या बाईच्या छातीलाही तेच हवं आहे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलते, लहान तोंडी मोठा घास वाटला तरी. घरात पुरुषाला दम लागला की आपण खुर्ची देतो, पाणी देतो, "बसा" म्हणतो. आपण ते मायेने करतो, पण त्या मायेने त्यांचे पाय जातात. आणि बाईला दम लागला की काय म्हणतो? "वय झालं," नाहीतर "कामचुकार आहे." तिला ना खुर्ची, ना तपासणी. ती थांबत थांबत पाणी भरते, धापा टाकत भाकऱ्या थापते, आणि कुणाला सांगत नाही. मग लोक म्हणतात, "घरकाम म्हणजे व्यायामच की." घरकामात थकवा येतो, पण मोजून, थांबून, श्वास सांभाळून वाढवत नेणं त्यात नसतं. चुलीसमोर बसून केलेल्या कामात तर धूर वेगळा जातो. म्हणून दोन्ही चुका एकदम सुधारायच्या. आजोबांना उठवायचं, आणि आजींना तपासायला न्यायचं.

गटाने ठरवायच्या गोष्टी

एकट्याने व्यायाम टिकत नाही. बचत तरी एकटीने कुठे टिकते? म्हणून प्रत्येक ग्रामसंघाने पुढच्या बैठकीत या तीन गोष्टींवर चर्चा करून ठराव लिहावा, अशी माझी विनंती आहे.

एक, गावात दम लागणारी माणसं किती, याची यादी. बायका आणि पुरुष वेगळे लिहा. गिरणीत कामाला होते का, चुलीवर स्वयंपाक किती वर्षं, टीबी झाला होता का, विडी-सिगारेट ओढतात का, एवढं विचारा. आशाताईंना बरोबर घ्या आणि यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. तपासणीसाठी गाडी करून एकदम दहा जण गेले तर खर्चही वाटला जाईल.

दोन, आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी अर्धा तास, शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओट्याजवळ एकत्र चालणं आणि उठबस. डॉक्टरांनी हो म्हटलेल्यांनीच यायचं, आणि प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. आठ आठवडे करून बघा. पहिल्या दिवसाचा उठबशीचा आकडा आणि शेवटच्या दिवसाचा आकडा शेजारी शेजारी लिहा.

तीन, धूर. ज्यांच्याकडे उज्ज्वलाचा गॅस आहे पण सिलिंडर महाग म्हणून चूलच पेटते, त्यांच्यासाठी सिलिंडर भरायला गटातून छोटं अंतर्गत कर्ज देता येईल का, ते बघा. चूल ठेवायचीच असेल तर ती बाहेर पडवीत न्या, लाकूड वाळलेलं घ्या, आणि छातीच्या रुग्णाला धुराजवळ बसवू नका. घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाही हेच सांगा. ते आपण सोडून दुसरं कुणी सांगणार नाही.

ताई, तुम्ही आज घरी गेलात आणि आजोबा खाटेवर बसलेले दिसले, तर त्यांच्याशी दोन शब्द बोला. ज्या पायांनी ते परळच्या पुलावरून धावत पाळीला जायचे, ते पाय अजून आहेत. त्यांना म्हणा, "बाबा, उद्या डॉक्टरांना विचारून येऊ, मग रोज दोन मिनिटं अंगणात चालू, मी बरोबर आहे." आणि सासूबाईंचा खोकलाही तेवढ्याच काळजीने ऐका. स्वतःला दम लागत असेल तर तेही बैठकीत बोला. लपवू नका.

पुढच्या सभेत प्रत्येक ग्रामसंघाची यादी मला बघायची आहे. कुणाला व्यायाम करून दाखवायला हवा असेल तर कळवा, मी गावात येईन.